ढिला दोर

आठवीच्या वर्गात मुलं एकतीस आणि टॅब बारा. एवढ्या एका हिशेबापायी मी त्या वर्षी मुलांची मधली सुट्टी काढून घेतली.

शाळा मालवण तालुक्यात, आचऱ्याला. वर्गाच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसतात आणि झाडांच्या पलीकडे समुद्र आहे हे आवाजावरूनच समजतं. मी घाटावरची. बदली होऊन आले तेव्हा इथल्या मुलांचं बोलणं कानात बसायलाच दोन महिने गेले. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पाठांतरात माझी मुलं कुणाला हार जाणारी नव्हती, पण जरा वेगळं कोडं समोर आलं की गडबडायची. टॅबवर विज्ञानाचा एक खेळ होता आणि मला वाटलं, हाच उपाय. जेवढं जास्त खेळतील तेवढी डोकी तयार होतील. टॅब पुरत नव्हते, म्हणून मधली सुट्टीही टॅबवरच गेली.

खेळ फार सुंदर आहे. पडद्यावर एक चेंडू असतो आणि एक फुगा. चेंडू फुग्याला टेकवायचा. चेंडूला थेट बोट लावून ढकलता येत नाही. बोटाने रेघा ओढायच्या, आणि ओढलेली प्रत्येक रेघ खऱ्या वस्तूसारखी खाली पडते, घसरते, झुलते. कुणी चढ-उतार काढतं, कुणी तरफ, कुणी खिळ्याला लंबक टांगतं. सूत्र पाठ नसलं तरी चालतं. वजन कुठे आहे, ते सुटलं की कुठे जाईल, हे मात्र मनात दिसावं लागतं.

वर्गात एक मुलगी होती, रापणकाराची नात. अबोल, पण हातात घेतलेलं न सोडणारी. तेरा टप्पे तिने एका आठवड्यात पार केले आणि चौदाव्यावर अडली. खाली सपाटीवर चेंडू, उजवीकडे चढ, चढाच्या माथ्यावर फुगा. तिने चढावर आणखी एक चढ काढला, गुळगुळीत, कमी तिरका. चेंडू जागचा हलला नाही. मग तिने तो लांबवला. मग दोन चढ जोडले. मग पहिल्यासारखाच पुन्हा एक.

तिच्या शेजारी बसणारा मुलगा नेमका उलट. एखादा टप्पा मिनिटभर अडला की पुढचा उघडायचा, तो अडला की त्याच्या पुढचा. तास संपेपर्यंत त्याने तीसही टप्पे उघडून पाहिलेले असत आणि पार केलेले असत पहिले सोपे सहा. मी भर वर्गात त्याच्या धरसोडीबद्दल त्याला बोलले आणि तिची चिकाटी सगळ्यांपुढे मांडली. ‘अडलं की उठायचं नाही. हिच्याकडून शिका.’ हे वाक्य माझंच. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

चार दिवस ती मुलगी मधल्या सुट्टीत बसून राहिली. डबा दप्तरातच. बाहेर दुसऱ्या वर्गांतल्या मुली लंगडी खेळत होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि ही मान खाली घालून त्याच चौदाव्या टप्प्यावर. चौथ्या दिवशी मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पाहिलं तर तिचं बोट आता तिचं राहिलंच नव्हतं. पडदा नव्याने उघडताच, तिने काही ठरवण्याआधीच, ते तीच रेघ ओढायला निघत होतं. चढ. पुन्हा चढ. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘जमेल हं, आणखी थोडं.’

त्याच आठवड्यात गावपळण आली.

हा शब्द मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता. आचऱ्याचा देव रामेश्वर. त्याचा कौल झाला की काही वर्षांतून एकदा सगळा गाव तीन दिवस आणि तीन रात्रींसाठी गाव सोडतो. सगळा म्हणजे सगळाच. म्हातारी माणसं, अंगावर पिणारी पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. हिंदू जातात तसे मुसलमानही जातात. वेशीबाहेर झावळ्यांची खोपटी उभी राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात. गावात दिवा लागत नाही, केर निघत नाही, विहिरीत कळशी पडत नाही. कशासाठी, असं विचारलं तर कुणी देवाचं नाव घेतं, कुणी सांगतं की जमिनीला आणि हवेला उसंत मिळते. याच तालुक्यातल्या चिंदर आणि वायंगणीलाही अशी पळण असते. मी भाड्याने राहत होते, पण गाव निघाल्यावर भाडेकरू तरी कुठे थांबणार! मीही वळकटी बांधली.

निघायच्या आदल्या दिवशी ती मुलगी माझ्यापाशी आली.

‘बाई, एक टॅब वांगडा व्हरू?’

खरं सांगते, मी कपाटाची किल्ली हातात घेतलीसुद्धा होती. परीक्षा तोंडावर, त्यात तीन दिवस वाया जाणार म्हणून मीच अस्वस्थ होते. तिला न्यायला तिचा आजा आला होता. लुंगी, खांद्यावर पंचा, दोराने घट्टे पडलेले तळहात. त्याने नातीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘नको गो. गावातला गावातच ऱ्हवांदे.’

टॅब कपाटात राहिले. कपाटाला कुलूप, शाळेला कुलूप.

वेशीबाहेर मला जागा मिळाली ती याच कुटुंबाच्या खोपटीला लागून. पहिल्या दिवशी ती मुलगी हरवल्यासारखी होती. मांडीवर बोटाने काहीतरी ओढत बसायची. दुसऱ्या दिवशी आईने तिला कामाला लावलं. लांबून पाणी आणायचं, सुकी लाकडं गोळा करायची, धाकट्या भावाला सांभाळायचं. दुपारी मुली फुगडी घालू लागल्या आणि ही त्यांच्यात कधी मिसळली ते माझ्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी भजन. एवढी माणसं इतक्या जवळजवळ, आणि पलीकडे अख्खा गाव काळोखात निःशब्द. त्या शांततेत बसूनही माझ्या डोक्यात मात्र टॅब, टप्पे आणि फेब्रुवारी.

दुसऱ्या रात्री जेवणं उरकल्यावर आजा चुलीतली लाकडं मागे ओढत होता. मी मनातलं बोलून दाखवलं. म्हटलं, आजोबा, मुलांचे तीन दिवस गेले हो.

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, ‘बाईनू, तुमी कदी रापण ओढलास?’

मी फक्त पाहिली होती. होडी किनाऱ्यापासून निघून समुद्रात अर्धगोल घेत जाळं टाकत जाते आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा वाळूत पाय रोवून जाळं ओढतात. तारली असते, पेडवे, बांगडे. जे मिळेल त्याचे वाटे होतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा.

‘जाळा खडपाक अडाकला की नवो माणूस काय करता?’ आजा म्हणाला. ‘जोर लावता. जेवढो जोर लावता, तेवढा जाळा खडपात रुतता. नायतर फाटता.’

‘मग?’

‘मगे काय? दोर वायच ढिलो सोडूचो. लाट येता, जाळ्याक उचालता. मगे दुसऱ्या बाजूसून बगूचा.’

मुलगी भावाला थोपटत ऐकत होती. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं. या घरात जन्मलेल्या पोरीला हे चालायला लागण्याआधी ठाऊक असतं. मी मात्र पुढे सरकले. विचारलं, ढिला सोडायचा म्हणजे किती वेळ?

‘त्याचा काय गणित नाय. दर्याचा काम, दर्याच करता.’ एक ओंडका बाजूला टाकून तो पुढे म्हणाला, ‘पण दोर हातातसून टाकूचो नाय हां. ढिलो सोडूचो. टाकलास तर जाळाय गेला नि मासळीय गेली.’

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. चार दिवस मी त्या पोरीला खडपात रुतलेलं जाळं ओढायला लावत होते आणि वर त्याला चिकाटी म्हणत होते.

तीन रात्रींनंतर कौल झाला आणि गाव परतला. अंगणांत पाचोळा साठला होता. दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मुलगी टॅब घेऊन खिडकीपाशी बसली. चौदावा टप्पा उघडला, पण बोट लावलं नाही. हात मांडीवर ठेवून ती चित्राकडे नुसती बघत राहिली. मग वरच्या भिंतीत तिने एक खिळा काढला, खिळ्यापासून खाली येणारी एक काठी आणि काठीच्या टोकाला दगडासारखा मोठा गोळा. काठी डावीकडे तिरकी ओढलेली. बोट उचललं तसा गोळा झोक्यासारखा आला आणि चेंडूच्या डोक्यावरून निघून गेला. तिने काठी थोडी लांब केली. आता गोळा चेंडूला नुसता घासला. तिसऱ्यांदा तो मागून बरोबर बसला आणि चेंडू उजवीकडच्या चढावरून धावत जाऊन फुग्याला टेकला.

तिने मला हाक मारली नाही. मीच पाहत होते, म्हणून जवळ गेले.

‘हे कधी सुचलं गं तुला? तिकडे खोपटीत?’

‘माका म्हायत नाय, बाई.’ ती खरंच आठवून पाहत होती. ‘आदी माजा बोट आपसूक चढच काढी. आज बोटाक तो आठवलोच नाय.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘चढ बरोच होतो. चेंडूक ढकलूक कोणच नव्हता.’

मला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. विश्रांती दिली की उत्तर येतं. पण शेजारी तो मुलगा होता. त्यालाही तेच तीन दिवस मिळाले होते. तीच मोकळी हवा, त्याच रात्री, तेच खेळ. त्याने टॅब उघडला, सातवा टप्पा मिनिटभर चाळवला, आठवा उघडला, नववा उघडला. तीन दिवसांनी त्याला काहीच दिलं नव्हतं. देणार तरी कसे? त्याने सोबत नेलंच काय होतं?

एका मुलीवरून आणि एका मुलावरून नियम ठरत नाही, म्हणून मी वाचायला बसले. आणि पाहते तर याच खेळासारख्या एका खेळावर हाच प्रश्न लोकांनी आधी तपासलेला. अमेरिकेत फ्लोरिडा राज्य विद्यापीठात व्हॅलरी शूट यांच्या गटाने ‘फिजिक्स प्लेग्राउंड’ नावाचा खेळ तयार केला. त्यात हिरवा चेंडू आहे आणि लाल फुगा. फिलिपिन्समध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच नारळाच्या आणि मासेमारीच्या मुलखात, मर्सिडीज रॉड्रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना तो खेळायला दिला. मूल एका टप्प्यावर अडतं, तो सोडून दुसरीकडे जातं आणि नंतर परत येतं, तेव्हा काय होतं, हे त्यांनी खेळात आपोआप साठलेल्या नोंदींतून शोधलं. 2017 मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. अडून उठणं हा त्यांना आळस वाटला नाही. कोडं सोडवण्याचाच तो एक भाग असू शकतो असं धरून त्यांनी तो अभ्यासाला घेतला.

या मधल्या काळाला नाव मात्र जुनं आहे. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने 1926 मध्ये विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आणि त्यांतल्या दुसरीला उबवण म्हटलं. पहिली पायरी तयारीची. मला हा शब्द इतका पटला! खुडूक कोंबडीसुद्धा दाणे टिपायला, पाणी प्यायला अंड्यांवरून उठते आणि परत येऊन बसते. पण खाली अंडी हवीत. 2009 मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी असे 117 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा थांबण्याचा फायदा दिसला. आणि थांबण्याआधी ज्यांनी जास्त वेळ झुंज दिली होती त्यांना तो जास्त झाला. काही प्रकारच्या कोड्यांत तर मधल्या वेळात नुसतं बसून राहण्यापेक्षा हलकं काम करणं बरं पडलं. वाचताना मला कळशी घेऊन लांबून पाणी आणणारी ती पोर दिसत होती.

आणि ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती डेन्मार्कमधली. तिथल्या शाळांमधल्या सुमारे 20 लाख चाचण्यांचे निकाल तपासले गेले. 2016 मध्ये ते छापून आले. दिवस चढत जातो तसे मुलांचे गुण दर तासाला थोडे थोडे उतरतात, पण वीस-तीस मिनिटांची सुट्टी मिळाली की त्या एका तासाच्या उतरणीपेक्षा जास्त भरून येतात. फरक लहानच आहेत. पण ते सर्वांत जास्त कुणात दिसले? अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांमध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हणून मी सुट्टी कापली, तिची सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच होती.

आचऱ्यात हे सांगायला गेले असते तर कुणी नवल केलं नसतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. त्या दोन महिन्यांत इथले मच्छीमार झोपून नसतात. पडवीत जाळी पसरलेली असतात, फाटलेला एकेक डोळा विणला जातो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर समुद्रात जायचं ते त्याच विणलेल्या जाळ्यांनिशी. समुद्राकडे पाठ असते, पण हात त्याच्याच कामात असतात.

मी मधली सुट्टी परत दिली. त्यासोबत आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला सुट्टीइतकीच महत्त्वाची वाटते. वर्गाच्या दारात एका बाकावर शंभर पानी वही ठेवली, दोऱ्याने पेन बांधलं. नियम एकच. टप्पा अडला तर निदान तीन वेगवेगळे उपाय करून पाहायचे. तरी सुटला नाही तर खुशाल उठायचं, पण बाहेर जाताना वहीत एक ओळ लिहायची, की कुठे अडलं. ‘जमत नाही’ असं लिहायचं नाही. नेमकं काय होतंय ते लिहायचं. भाषा घरातली चालेल.

पहिल्या दिवशी बहुतेकांनी ‘जमत नाही’ हेच लिहिलं. मी ते खोडलं नाही. त्या मुलांना परत बसवलं आणि विचारलं, चेंडू कुठपर्यंत जातो? कुठल्या बाजूला पडतो? त्यांना सांगता येईना. इतका वेळ टॅबसमोर बसूनही त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नव्हतं, फुग्याकडे पाहिलं होतं. हळूहळू ओळी बदलल्या. ‘काठी मोडते.’ ‘गोळा उशिरा पोचतो.’ ‘अर्ध्या चढावरून परत येतो.’ अशी ओळ लिहिणारी मुलं बाहेर जाऊन खो-खो खेळून घामाघूम होऊन आली की कित्येकदा थेट वेगळं काहीतरी काढायची. दर वेळी नाही. काही कोडी दोन दोन सुट्ट्यांनीही हलली नाहीत, आणि एक तर वर्ष संपेपर्यंत कुणालाच सुटलं नाही. ते अजून माझ्या डोक्यात आहे.

रापणकाराची नात वहीत फार कमी लिहायची. तिला वहीची गरज नव्हती. बाहेर जाताना ती एकदा पडद्याकडे नीट बघायची, बस. माझी नजर असायची त्या दुसऱ्या मुलावर. तीन उपायांचा नियम त्याला काचत होता. पहिला आठवडाभर त्याने वहीत लिहिलं, ‘कंटाळा आला’. मी त्याला रागावले नाही, तीन उपाय मात्र करून घेतले. दुसऱ्या आठवड्यात एकदा ‘फळी कलांडता’ एवढंच लिहिलं आणि पेन ठेवलं.

जानेवारीतली एक दुपार. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, आणि तो अजून टॅबवर होता. सातवा टप्पा. सकाळपासून तोच. मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी तो उठला, दारापाशी आला, वहीवर वाकला. लिहिताना जीभ दातांखाली धरली होती. पेन ठेवून मैदानाकडे धावत सुटला, पण पायरीवर थांबून त्याने एकदा मागे वळून टॅबकडे पाहिलं.

वहीत लिहिलं होतं: ‘चेंडू फळीवर बसता. मी वजन टाकतंय तेवा फळी भलत्याच बाजूक जाता. वजन हलक्या नाय, जागा चुकता. खंय ठेवू?’